पोस्ट कोणी उडवली, हे आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गृहस्थांना कोणीतरी मेसेजमधून शिव्या आणि जीवे मारण्याची धमकी दिली. त्यांनी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट आपल्या अकाउंटवर टाकला आणि वर एकच ओळ लिहिली: 'बघा, ही यांची भाषा.' दोन तासांत पोस्ट उडाली. कारण दिलं होतं 'हिंसेला चिथावणी'. अकाउंट तीस दिवसांसाठी बंद. धमकी देणारा मात्र मजेत फिरतोय. आता ते विचारतात की हा माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला नाही का? कोर्टात जाता येईल का? आणि जाता येत नसेल, तर एका खासगी कंपनीने कोट्यवधी लोकांच्या तोंडाला कुलूप लावायचं हे कोणत्या न्यायात बसतं?

मी पेशाने वकील. त्याआधी काही वर्षं एका मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी मराठी-हिंदी मजकूर तपासायच्या कामावर होतो. म्हणजे आधी लोकांच्या पोस्ट उडवत होतो, आता उडालेल्या परत आणायची धडपड करतो. दोन्हीकडची हवा माहीत असल्यामुळे उत्तर जरा लांबेल.

'माझ्या मूलभूत हक्काचा भंग झाला' एवढ्याच जोरावर कोर्टात गेलात तर बहुतेक हात हलवत परत याल. बोलण्याचा हक्क बहुतेक राज्यघटनांमध्ये सरकारविरुद्ध दिलेला असतो. अमेरिकेच्या १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीची सुरुवातच 'काँग्रेस असा कोणताही कायदा करणार नाही' अशी आहे, आणि तिथे काँग्रेस म्हणजे त्यांची संसद. भारतात अनुच्छेद १९ भाषण स्वातंत्र्य देतो, पण हे हक्क ज्याच्याविरुद्ध बजावायचे ते 'राज्य' म्हणजे कोण, हे अनुच्छेद १२ सांगतो. त्यात सरकार, संसद, विधिमंडळं, स्थानिक संस्था येतात. समाजमाध्यम चालवणारी कंपनी येत नाही.

इथे बरेच जण पुस्तक मिटतात. 'जागा त्यांची, नियम त्यांचे, विषय संपला.' मला हे उत्तर आळशी वाटतं, कारण खासगी जागेत बोलायचा हक्क असतो का यावर न्यायालयं ऐंशी वर्षं डोकं खपवत आली आहेत आणि प्रत्येक वेळी उत्तर 'नाही' असं आलेलं नाही.

अमेरिकेतला १९४६ चा मार्श विरुद्ध अलाबामा (तिथलं एक राज्य) हा खटला घ्या. चिकासॉ नावाचं अख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. रस्ते, घरं, गटारं, दुकानांची रांग, सगळं कंपनीचं. बाहेरून येणाऱ्याला ते इतर कुठल्याही गावासारखंच दिसायचं. यहोवाज विटनेसेस पंथाची एक बाई तिथल्या पोस्ट ऑफिसजवळ फुटपाथवर धार्मिक पत्रकं वाटत होती. परवानगी नाही म्हणून तिला हटकलं, ती हटेना, मग अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं की मालक आपली जागा लोकांच्या वापरासाठी जितकी खुली करतो, तितके त्याचे मालकी हक्क त्या लोकांच्या घटनादत्त हक्कांपुढे आखडतात. पोस्ट उडालेला प्रत्येक अमेरिकन वकिलाकडे जातो तेव्हा वकील याच निकालापासून सुरुवात करतो. आजचं गाव म्हणजे हा प्लॅटफॉर्मच नाही का, असा तो युक्तिवाद. कानाला फार गोड लागतो.

पण तो चालत नाही. १९६८ मध्ये याच न्यायालयाने मार्शचं तत्त्व शॉपिंग सेंटरपर्यंत ताणलं, १९७२ मध्ये हात आखडता घेतला आणि १९७६ मध्ये तो विस्तार सरळ मागे घेतला. आता कसोटी अशी आहे की खासगी संस्था जे काम करते ते परंपरेने फक्त सरकारच करत आलं आहे का? निवडणूक घेणं हे तसं काम आहे. लोकांना बोलायला जागा देणं नाही. ते वर्तमानपत्रं, सभागृहं, क्लब कायमच करत आले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केबल वाहिनीच्या खटल्यात (हॅलेक प्रकरण) पाच विरुद्ध चार मतांनी हीच रेघ पुन्हा ओढली गेली, आणि २०२० मध्ये एका अपील न्यायालयाने यूट्यूबबद्दल सांगितलं की वापरणारे कितीही असोत, यूट्यूब म्हणजे सरकार नव्हे. कॅलिफोर्नियासारख्या एखाद्या राज्याने स्वतःच्या घटनेतून मॉलमध्ये पत्रकं वाटायचा हक्क दिला तर तो टिकतो (१९८०, प्रूनयार्ड), पण ते वेगळं दार आहे.

२०१७ च्या पॅकिंगहॅम निकालातला 'आधुनिक सार्वजनिक चौक' हा शब्दप्रयोग माझ्याकडे येणारा निदान एक तरी अशील तोंडपाठ करून आलेला असतो. तो निकाल सरकारी कायद्याविरुद्ध होता. नॉर्थ कॅरोलायना राज्याने काही गुन्हेगारांना समाजमाध्यमांवर यायलाच बंदी घातली होती, ती न्यायालयाने उडवली. कंपनीने तुम्हाला बाहेर काढू नये असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

अमेरिकेत तर गाडी याच्याही पुढे गेली आहे. तिथे काय ठेवायचं आणि काय काढायचं ही निवड म्हणजे कंपनीचंच बोलणं आहे असं धरलं जातं. याचं मूळ १९७४ च्या एका वर्तमानपत्राच्या खटल्यात आहे. फ्लोरिडात कायदा होता की वर्तमानपत्राने उमेदवारावर टीका केली तर त्याचं उत्तरही छापलंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण काय छापायचं हे सरकारने संपादकाला सांगायचं नाही. पुढे २०२१ मध्ये टेक्सास आणि फ्लोरिडाने प्लॅटफॉर्मनी राजकीय मतांवरून पोस्ट काढू नयेत अशा धर्तीचे कायदे केले. १ जुलै २०२४ ला मूडी विरुद्ध नेटचॉइस प्रकरणात न्यायालयाने दोन्ही खटले फेरतपासणीसाठी खाली पाठवले, पण जाता जाता बजावलं की फीडमध्ये काय दिसावं याची जुळवाजुळव हीसुद्धा अभिव्यक्ती आहे आणि 'समतोल आणायचा' हे कारण सांगून सरकार त्यात हात घालू शकत नाही. म्हणजे प्रश्न विचारणारे गृहस्थ अमेरिकेत असते आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणत कोर्टात उभे राहिले असते, तर समोरच्या वकिलानेही तेच कलम काढून दाखवलं असतं.

मला ही संपादकाची उपमा अर्धीच पटते. संपादक छापण्याआधी वाचतो. प्लॅटफॉर्म आधी छापतो, मग कोणी रिपोर्ट मारला तर वाचतो, आणि पुष्कळदा तेव्हाही माणूस वाचत नाही. शिवाय 'अमुक ठेवा' म्हटलं की कंपनी म्हणते आम्ही संपादक, आणि 'या मजकुराची जबाबदारी घ्या' म्हटलं की म्हणते आम्ही टपालवाले. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर कशा आल्या, त्याची गोष्ट मात्र रास्त आहे. १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह नावाची ऑनलाइन सेवा बदनामीच्या दाव्यातून सुटली, कारण ती काहीच तपासत नव्हती. १९९५ मध्ये प्रॉडिजी नावाची सेवा अडकली, कारण ती घाण साफ करायचा प्रयत्न करत होती! न्यूयॉर्कच्या न्यायालयाने म्हटलं, तुम्ही निवडता, म्हणजे तुम्ही प्रकाशक. हा न्याय तसाच चालू राहिला असता तर शहाण्या कंपनीने डोळे मिटून घेतले असते. म्हणून १९९६ मध्ये अमेरिकेने कलम २३० आणलं. त्यानुसार दुसऱ्याने लिहिलेल्याची जबाबदारी तुमच्यावर नाही, आणि सद्भावनेने काही काढलंत तरी त्यासाठी तुम्हाला धरणार नाही.

साफसफाई नकोच, असं म्हणणाऱ्यांना एक आकडा सांगतो. २०१९ च्या पहिल्या तिमाहीत फेसबुकने आपल्याच अहवालात दोनशे कोटींहून जास्त बनावट अकाउंट बंद केल्याचं नोंदवलं होतं. मॉडरेशनचं, म्हणजे मजकूर तपासून काढायचं, बहुतांश काम हे असतं: बनावट अकाउंट, लिंकांचा भडिमार, फसवणूक, अश्लील व्हिडिओ. राजकीय मतांवरची भांडणं हा त्याचा लहानसा आणि सगळ्यात गाजणारा तुकडा आहे. सरकारने 'कायदेशीर असलेलं काहीही काढायचं नाही' असा नियम केला तर आठवड्याभरात ते माध्यम वापरण्यालायक उरणार नाही, कारण यातला बराचसा कचरा कायदेशीरच असतो.

आता हे सगळं आतून कसं चालतं ते सांगतो, कारण प्रश्नातल्या पोस्टचं काय झालं असेल ते मला जवळजवळ दिसतंय. पहिली चाळणी असते ओळखीच्या मजकुराची. एकदा काढलेल्या फोटोचा आकड्यांचा ठसा करून ठेवतात आणि तसाच फोटो पुन्हा आला की तो आपोआप अडकतो. बालशोषणाच्या चित्रांसाठी २००९ मध्ये आलेलं फोटोडीएनए असंच चालतं, आणि तिथे ते उत्तम चालतं. दुसरी चाळणी मजकूर वाचून अंदाज बांधणाऱ्या यंत्राची. तिसरी माणसाची. आम्ही रांगेतली एक एक पोस्ट उघडायचो आणि निर्णयाला अर्धं मिनिटही मिळायचं नाही. समोर फक्त ती पोस्ट. लिहिणारा कोण, कशावरून वाद चालू आहे, आधी काय झालं, हे पाहायला वेळही नसायचा आणि बऱ्याचदा सोयही नसायची.

एकदा एका तरुणीने तिला आलेल्या बलात्काराच्या धमक्या एकाखाली एक लावून टाकल्या होत्या. वर तिची स्वतःची ओळ होती, पण ती इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आणि उपरोधाने लिहिलेली. मी धमक्या वाचल्या, नियमपुस्तिकेतलं कलम आठवलं, बटण दाबलं. तपासणीसाठी काढलेल्या नमुन्यांत तो निर्णय 'बरोबर' म्हणून पास झाला. तिने अपील केलं तेव्हा ते फिरून दुसऱ्या कोणाकडे गेलं आणि पोस्ट परत आली, हे मला दोन आठवड्यांनी कळलं. त्यात दुष्टावा कोणाचाच नव्हता. पण दुसऱ्याची धमकी दाखवणारा आणि स्वतः धमकी देणारा यांच्यातला फरक शब्दांत नसतो, तो संदर्भात असतो, आणि संदर्भ त्या रांगेपर्यंत पोचतच नाही. प्रश्नातल्या गृहस्थांचं अगदी हेच झालं आहे असं मी पैजेवर सांगेन.

यात मोठे मोठे लोकही सापडले आहेत. २०१९ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं. कारण होतं वर लावलेला फोटो. १९३६ च्या हॅम्बुर्गच्या गोदीतल्या त्या गर्दीत सगळे नाझी सलाम ठोकत आहेत आणि एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणारा फोटो द्वेषाचं चित्र म्हणून धरला गेला. २०१६ मध्ये फेसबुकने व्हिएतनाम युद्धातला, नापाम बॉम्बने भाजलेल्या मुलीचा जगप्रसिद्ध फोटो नग्नतेच्या नियमाखाली काढला. नॉर्वेच्या एका मोठ्या दैनिकाचाच नव्हे, तर पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी टाकलेलाही काढला. जगभर गदारोळ झाल्यावर तो परत आला. तुमच्या-माझ्या पोस्टसाठी गदारोळ होत नाही, हा खरा सल आहे.

आणि भाषा. मराठीत आपण 'ठार वेडा' म्हणतो, 'हसून हसून मेलो' म्हणतो, गाणं आवडलं तर 'मारलंस रे' म्हणतो, आजी लाडाने 'मुडदा बशिवला तुझा' म्हणते. ही वाक्यं यंत्रापुढे ठेवा आणि गंमत बघा. उलट ज्यात एकही वाईट शब्द नाही अशी, जातीचा नुसता इशारा करणारी ओळ सुखरूप निसटते, कारण त्यातलं विष ओळखायला माणूस इथलाच लागतो. इंग्रजीसाठी जितका पैसा आणि जितकी माणसं खर्ची पडली तितकी इतर भाषांच्या वाट्याला आली नाहीत. म्यानमारमध्ये याची किंमत भयंकर होती. तिथल्या रोहिंग्या या मुस्लिम अल्पसंख्याकांविरुद्ध फेसबुकवर जे चाललं ते रोखायला आपण पुरेसं केलं नाही हे कंपनीने २०१८ मध्ये स्वतः कबूल केलं. त्यामुळे 'मॉडरेशन फार होतंय की फार कमी?' या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: एकाच वेळी दोन्ही, आणि चुकीच्या जागी.

कायद्याकडे परत येतो. मूलभूत हक्काचं दार बंद असलं तरी कराराचं दार उघडं असतं. साइन-अप करताना न वाचता 'मान्य' म्हटलं तो करारच आहे, आणि करार दोघांना बांधतो. या दारातून सर्वांत नीट आत गेलं ते जर्मनी. २९ जुलै २०२१ ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने फेसबुकविरुद्धच्या दोन दाव्यांत निकाल दिला. कंपनी कायद्यापेक्षा कडक नियम करू शकते, कायद्याने चालणारा मजकूरही काढू शकते. मात्र पोस्ट काढली तर लेखकाला निदान नंतर तरी कळवलं पाहिजे, अकाउंट बंद करायचं असेल तर आधी कळवलं पाहिजे, कारण दिलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून पुन्हा निर्णय केला पाहिजे. करारात ही सोय नव्हती म्हणून ती कलमं रद्द ठरली आणि पोस्ट परत लावायला लागल्या. गंमत म्हणजे त्या पोस्ट स्थलांतरितांबद्दल गरळ ओकणाऱ्या होत्या. न्यायालयाला त्या आवडल्या असतील असं अजिबात नाही.

माझ्या मते या सगळ्या विषयावरचा हा सर्वांत समजूतदार निकाल. कोणी काय बोलावं हे या निकालाने सरकारच्या हाती दिलं नाही आणि कंपनीची मनमानीही चालू दिली नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने हीच कल्पना सगळीकडे नेली. फेब्रुवारी २०२४ पासून तो पूर्ण लागू आहे. प्रत्येक निर्णयाला कारण, कंपनीच्या आत अपील, ते नुसतं यंत्राने निकालात काढायचं नाही, आणि त्यावरही समाधान नसेल तर बाहेरची प्रमाणित तंटा-निवारण संस्था. त्या संस्थेचा निर्णय कंपनीवर बंधनकारक नसतो, ही त्यातली लंगडी बाजू.

भारताचं चित्र मिश्र आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार पन्नास लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मने स्वतःहून मजकूर काढला तर लेखकाला कारणासह कळवायचं आणि म्हणणं मांडायची पुरेशी संधी द्यायची असते. तक्रार अधिकारी नेमलेला असतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्यावर अपील समिती आहे. मुदती दुरुस्त्यांनी बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी नियमांची ताजी प्रत बघा. अपील समितीचे सदस्य केंद्र सरकार नेमतं, हे मला खटकतं. खासगी मालकाच्या तावडीतून सुटायला सरकारी समितीचं दार ठोठवायचं, याचा विचार करून मग जा. पण फुकट आहे, ऑनलाइन आहे, आणि काही वेळा काम होतं.

एक निकाल वकील मंडळी आवर्जून काढतील: जानेवारी २०२३ चा कौशल किशोर. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक बहुमताने म्हटलं की अनुच्छेद १९ आणि २१ चे (२१ म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा) हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. वाक्य मोठं आहे, पण खटला मंत्र्यांच्या बेताल वक्तव्यांचा होता, प्लॅटफॉर्मचा नव्हे. त्यावर भिस्त ठेवून मी कोणाला पैसे खर्च करायला सांगणार नाही. पर्यायी मुद्दा म्हणून मात्र याचिकेत जरूर घालीन.

आता शीर्षकातल्या मुद्द्याकडे. आतापर्यंत आपण धरून चाललो की पोस्ट कंपनीने काढली. कधी कधी बटण कंपनीचं असतं आणि बोट दुसऱ्याचं. मला खरी भीती याची वाटते, कारण सरकारने थेट बंदी घातली तर तिला आव्हान देता येतं. फोन करून 'जरा बघा' म्हटलं तर कागदच नसतो. अमेरिकेत १९६३ पासून नियम आहे की अधिकाऱ्याने धाक दाखवून खासगी माणसाकरवी बोलणं बंद करवून घ्यायचं नाही, आणि मे २०२४ च्या व्हुलो निकालात सर्व न्यायमूर्तींनी एकमताने तो पुन्हा सांगितला. तरी महिन्याभराने मर्थी प्रकरणात, सरकारने प्लॅटफॉर्मवर दबाव आणला म्हणणाऱ्यांचा दावा न्यायालयाने ऐकलाच नाही. त्यांच्या विशिष्ट पोस्ट सरकारमुळेच गेल्या हे ते दाखवू शकले नाहीत. सिद्ध करणं किती अवघड, ते यावरून समजा.

भारतात सरकारी हुकमाचा एक रस्ता म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ अ, ज्याखाली सरकार मजकूर रोखायचा आदेश देतं. त्याखालच्या २००९ च्या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे, त्यामुळे लेखकाला हुकूम दिसतच नाही असं बऱ्याचदा होतं. दुसरा रस्ता त्याच कायद्याच्या कलम ७९ चा. दुसऱ्याच्या मजकुराबद्दल कंपनीला जे संरक्षण मिळतं, ते बेकायदा मजकुराची 'प्रत्यक्ष माहिती' मिळूनही तो न काढल्यास जातं. माहिती म्हणजे कोणीही ठोकलेली तक्रार नव्हे, न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना हवी, असं सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालात २४ मार्च २०१५ ला ठरलं. बहुतेकांना तो निकाल ६६ अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम, रद्द झालं म्हणून आठवतो. माझ्या धंद्यात हा दुसरा भाग जास्त कामाला येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मजकूर काढायच्या सूचना कंपन्यांना पाठवणाऱ्या सरकारच्या 'सहयोग' पोर्टलविरुद्धची एक्सची (पूर्वीचं ट्विटर) याचिका फेटाळली, तेव्हापासून हा दुसरा रस्ता आणखी रुंद झाला आहे. कंपनीने नुकसान सोसून तुमच्यासाठी भांडावं अशी अपेक्षा ठेवू नका. एक पोस्ट गेल्याने तिचं काही जात नाही, संरक्षण गेलं तर सगळंच जातं.

बोट कोणाचं हे ओळखायची एक साधी युक्ती आहे. परदेशातल्या ओळखीच्या माणसाला तीच लिंक उघडायला सांगा. तिकडे दिसते आणि इकडे नाही, तर ती बहुधा कायदेशीर मागणीवरून एका देशापुरती रोखली आहे. सगळीकडूनच गेली असेल तर कंपनीने आपल्या नियमाखाली काढली असावी. नोटिशीची भाषाही बघा. 'कायदेशीर विनंतीवरून' आणि 'आमच्या नियमांचा भंग' या दोन वाक्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. पहिल्यात मूलभूत हक्क जिवंत होतो, कारण समोर सरकार आहे, आणि तिथे उच्च न्यायालयात रिट याचिकेला खरा अर्थ आहे. एखाद्या अधिकाऱ्याने त्याच्या अधिकृत पानावरून तुम्हाला ब्लॉक केलं असेल तर तोही वेगळा विषय. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी कसोटी घातली की त्याला सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार होता का आणि त्या पोस्टमध्ये तो तसा वापरत होता का.

पोस्ट न काढता तिचा रीच पाडतात, म्हणजे ती कमी लोकांना दाखवतात, त्याबद्दलही लोक विचारतात. तिथे हाती पुरावा जवळजवळ नसतोच, म्हणून त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका असं मी सांगतो.

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांसाठी मग काय? नोटिशीत कंपनीचा नियम आहे आणि अकाउंटही बंद केलंय, म्हणजे हे मॉडरेशनचं प्रकरण. अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं भाषण अपिलात लिहू नका. वाचणाऱ्याला त्याने काही करता येत नाही. त्याच्या हाती नियमपुस्तिका असते, तिच्यातला अपवाद त्याला दाखवून द्या. बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मच्या नियमांत निषेध म्हणून किंवा लोकांना सावध करायला दुसऱ्याचा मजकूर दाखवायची मुभा असते, फक्त तुमचा हेतू स्पष्ट हवा. अपिलाची जागा छोटी असते, म्हणून पहिल्याच ओळीत लिहा: 'ही धमकी मला दुसऱ्याने पाठवली आहे. मी तिचा निषेध करण्यासाठी ती दाखवली. मी कोणालाही धमकी दिलेली नाही.' शक्य असेल तर हेच इंग्रजीतही लिहा, अपील कोणत्या रांगेत जाईल सांगता येत नाही. तीस दिवस असेच संपू द्यायचा मोह होतो, पण तसं करू नका. बंदी उठली तरी नोंद राहते आणि पुढच्या चुकीला शिक्षा वाढते. अपील फेटाळलं तर तक्रार अधिकाऱ्याला वेगळी लेखी तक्रार करा, त्यात नोटिशीचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ आणि अपिलाचा क्रमांक घाला. कारणच दिलं नसेल किंवा म्हणणं ऐकलं नसेल तर तेच मुख्य म्हणून मांडा. पोस्ट चांगली होती यापेक्षा तो मुद्दा जास्त टिकतो.

पुन्हा टाकायची झाली तर धमकी देणाऱ्याचं नाव आणि नंबर झाका, नाहीतर खासगी माहिती उघड केल्याच्या नियमाखाली तीच पोस्ट दुसऱ्यांदा उडेल. तुमची ओळ स्क्रीनशॉटवरच लिहा, वेगळ्या मथळ्यात ठेवू नका, म्हणजे चित्र कुठेही गेलं तरी हेतू त्याच्यासोबत जाईल. आणि मूळ मेसेज फोनमधून डिलीट करू नका. धमकीची फिर्याद द्यायची वेळ आली तर पोलिसांना तोच लागेल.